जळालेलं झाड पोळ्यापर्यंत तोडू नका

२०१७ च्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या वरच्या माळाला वणवा लागला. आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या उतारावर. फेब्रुवारीत इथं निम्म्या घरांना कुलूप असतं, माणसं ऊसतोडीला गेलेली. मागं राहतात म्हातारी, शाळेची पोरं आणि गुडघ्यांनी कोयता सोडायला लावलेल्या माझ्यासारख्या बाया. लिंबाचे ओले फाटे घेऊन आम्ही नऊ जणी आणि दोन म्हातारे आग बडवत होतो. दिवेलागणीपर्यंत माळ, बांध, दीड एकर सीताफळ आणि बांधावरचे सात आंबे काळे पडले.

सकाळी भावकीतले एक भाऊजी कुऱ्हाड घेऊन हजर. "वहिनी, मेलं सगळं. निदान सरपण तरी होईल." मी त्यांना चहा पाजला आणि कुऱ्हाड पडवीत टेकवायला लावली.

कुऱ्हाड का थांबवली ते आधी सांगते. माझी धाकटी बहीण अंबड तालुक्यात दिलेली, त्यांची मोसंबीची बाग. २०१२ ला पाऊस दगा देऊन गेला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात बागाच्या बागा उभ्या वाळल्या. दाजींनी मे महिन्यात सव्वाशे झाडं बुडातून तोडली. जूनमध्ये पाऊस आला आणि त्यातल्या तीसेक बुडख्यांना हिरवेगार धुमारे फुटले. बहीण फोनवर रडायचीच बाकी होती, कारण ती फूट मोसंबीची नव्हतीच. मोसंबीचा डोळा, म्हणजे तिच्या फांदीवरची कळी, रंगपूर नाहीतर जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेला असतो. जोडाखाली तोडलं की वर येतो तो खुंट. तीच झाडं जोडाच्या वर हातभर खोड ठेवून सोडली असती, तर त्यांतली काही तरी मोसंबी म्हणून परत उभी राहिली असती.

गंमत म्हणजे मोसंबीवाल्याला दुष्काळ म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. तो स्वतःच दर वर्षी झाडाला छोटा दुष्काळ देतो आणि त्याला 'ताण' म्हणतो. आंबे बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, थोडी गळू द्यायची, मग पाणी सोडायचं की फुलंच फुलं. ताण बसलेलं झाड आणि मेलेलं झाड लांबून सारखंच दिसतं. पुढचं सगळं हा फरक जवळून ओळखण्यासाठी आहे.

तहान किती लागली, ते सकाळी बघा

दुपारी दोन वाजता कुठलंही झाड बघायला जाऊ नका. त्या वेळी पानं मलूल असतातच. झाड पानांवरची बारीक छिद्रं मिटून घेतं, पाणी राखतं आणि संध्याकाळी परत ताठ होतं. बघायचं ते सूर्य उगवायच्या आधी. रात्रभर थंडाव्यात राहूनही पान लोंबतंच असेल, तर मुळांच्या हाताला पाणी लागत नाहीये असं समजा. ज्वारी दुपारी पानाची सुरळी करते आणि सकाळी उलगडते. सकाळीही सुरळी तशीच राहिली की पिकानं वाट बघणं सुरू केलं. ज्वारी अशी बरेच दिवस वाट बघू शकते. मका बिचारा थांबत नाही.

इथं एक इशारा. पाण्याच्या ओढीनं करपलेली कोवळी ज्वारी, आणि कापणीनंतर पावसावर आलेले तिचे कोवळे फुटवे, जनावरांना चारू नका. त्यात विष तयार होतं आणि धडधाकट बैल तासाभरात आडवा होतो. माझ्या माहेरी अशी एक गाय गेलेली मी पाहिली आहे.

झाडाच्या आत पाणी कसं चढतं, हे मला एका मोटार दुरुस्त करणाऱ्यानं समजावलं. खरं तर तो विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलत होता. पाइपात पाण्याची धार सलग असेल तोवर मोटार ओढते. मध्ये हवा धरली की नुसती घरघर. झाडाच्या लाकडातही मुळापासून पानापर्यंत पाण्याचे अखंड धागे असतात. जमीन फार सुकली आणि वरून ऊन ओढत राहिलं, तर धागा तुटतो आणि आत हवा शिरते. ती फांदी मग वाळते. झाड आधी टोकाच्या फांद्या सोडून देतं, मग मधल्या, खोड आणि मूळ सगळ्यात शेवटी. म्हणून दुष्काळात झाड वरून खाली मरतं आणि जिवंतपणा शोधायचा तो खालून वर.

दुष्काळाच्या वर्षात झाडाचा भार हलका करा. लागलेली फळं काढून टाका. हे जिवावर येतं, पण काढा. वाळक्या आणि अडचणीच्या फांद्या छाटा, बुडाशी पाचट नाहीतर भुसकटाचं चार बोटं जाड आच्छादन करा आणि ते खोडाला मात्र चिकटवू नका. पाणी कमी असेल तर बुडाशी ओतण्यापेक्षा फांद्यांच्या घेराखाली दोन मडकी पुरा, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुतळीची वात घाला आणि तोंडावर झाकण ठेवा. आच्छादन असलं की आगीची भीती वाढते, हे कबूल. म्हणून बागेच्या कडेनं पंधरा फूट पट्टा डिसेंबरातच साफ करून ठेवते. जंगल खात्याचे लोक त्यालाच जाळरेषा म्हणतात.

आग कुठल्या वर्षी मोठी होते

लोकांना वाटतं, दुष्काळात वणवे जास्त. आमच्याकडं उलटं घडलं. २०१४ आणि २०१५ कोरडी गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या दोन वर्षांत माळावर जळायला गवतच नव्हतं. मग २०१६ च्या सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की माळावर कमरेइतकं गवत उभं राहिलं. आणि तेच गवत फेब्रुवारीत पेटलं. वाईट हे, की दोन वर्षांच्या तहानेनं झाडं आधीच खंगलेली होती. दुष्काळ, मग चांगला पाऊस, मग उन्हाळा, अशी रांग लागली की डिसेंबरपासूनच सावध राहा. वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत असतो. जंगलात आग दिसली तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक लावा, पोरांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

पहिले आठ दिवस

आग विझली असं दिसतं तेव्हा ती विझलेली नसते. आमच्या जुन्या चिंचेच्या ढोलीत चौथ्या दिवशी धूर निघाला. बुडख्यात, शेणाच्या ढिगात, वाळक्या मुळात ती धुमसत राहते आणि वारं सुटलं की परत उठते. रोज पहाटे एक फेरी मारा. धूर बारीक असतो, उन्हात दिसत नाही. ढोलीत पाणी ओतून भागत नाही, ओली माती थापून तोंड बंद करा. खोडाला टेकलेला पेटका ओंडका आधी बाजूला ओढा, कारण गवताची आग झाडाजवळून मिनिटभरात निघून जाते, पण ओंडका तासन्‌तास एकाच जागी साल भाजत बसतो. बुड जळून पोखरलेल्या, कललेल्या झाडाखाली मात्र जाऊ नका.

मग राखेचा रंग बघा. काळी राख, अर्धवट जळालेल्या काड्या: आग वरवर गेली, जमिनीखालचं सगळं शाबूत आहे. पांढरी भुरभुरीत राख: आग बराच वेळ थांबली. राखेखालची माती विटेसारखी लालसर: तिथलं बी आणि मूळ गेलं. आमच्या माळावर लाल जागा फक्त तीन होत्या, तिन्ही पडलेल्या ओंडक्यांखाली. बाकी सगळा माळ काळा. तेव्हाच माझ्या जिवात जीव आला. माती वरून तापली तरी चार बोटं खाली तिला फारसा पत्ता लागत नाही.

राख गोळा करून झाडांच्या बुडाशी घालायचा मोह होतो. घालू नका. आमच्या जमिनी आधीच चुनखडीच्या, राखेनं त्यात भरच पडते. ती वळवाच्या पहिल्या सरीत वाहून विहिरीत जाऊ नये, एवढी काळजी घ्या. उतारावर आडव्या काटेरी फांद्या आणि दगडांच्या ओळी लावल्या तरी माती अडते.

नखानं खरवडा

आता झाडापाशी. आधी पानं. करपलेली पानं दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळून पडली, तर आनंद माना. पान गाळणं हे जिवंत फांदीचं काम आहे. देठाशी ती स्वतः जोड तोडते. करपलेली पानं महिनाभर फांदीला घट्ट धरून राहिली, वाऱ्यात खडखड वाजत राहिली, तर फांदीला ती गाळायचीही ताकद उरलेली नाही. आमच्या एका आंब्याचा निकाल मला याच खडखडाटानं सांगितला.

मग नख. करंगळीएवढी फांदी धरा आणि साल हलकेच खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं की जिवंत. पिवळट पण ओलं असेल तर शंका. तपकिरी, कोरडं, म्हणजे ती फांदी गेली. तिथून खाली सरका, पुन्हा खरवडा. हिरवं लागेल तिथं सुतळी बांधा. खोडाशी आलात की नख पुरत नाही, खुरप्याच्या टोकानं पैशाएवढा तुकडा काढा. बुडाशी चारही बाजूंनी बघायचं. हे चारही बाजूंनी बघणं लोक विसरतात आणि तिथंच फसतात.

सालीच्या आतला ओला पापुद्रा हेच झाडाचं जिवंतपण. तो साधारण ६० अंशाला मरतो. खालचं लाकूड पाणी वर नेतं, आणि साल पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळाला पोचवते. साल बुडाशी गोल जळाली, तर पाणी वर चढतच राहतं. झाडाला पालवी येते. घरात पेढे वाटावेत असं वाटतं. पण मुळांना अन्न मिळत नाही, ती साठवणीवर जगतात आणि पुढच्या वर्षी झाड अचानक बसतं. म्हणून पालवीला भुलू नका, बुड बघा. एका बाजूची साल जरी जिवंत असली तरी झाडाला आशा आहे.

जिवंत झाडाला चुन्याचा ठिपका, शंकेच्या झाडाला गेरूचा, आणि मेलेल्याला काहीच नाही, अशी माझी पद्धत. पानं नसलेल्या खोडाला एप्रिलचं ऊन थेट भाजतं, म्हणून आंबा आणि मोसंबीच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावा. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटरात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत. मग दोन्ही एकत्र ओता आणि काठीनं ढवळा. लोखंडाचं भांडं नको. झाल्यावर त्यात विळ्याचं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांब्याचा लालसर रंग चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. त्याच दिवशी वापरून टाका, उद्यासाठी ठेवू नका.

युरिया अजिबात नाही. पाणीही बेतानं. पानच नसलेल्या झाडाला पाणी प्यायचं कशानं? आमच्या शेजाऱ्यांनी मायेनं रोज पाणी सोडलं आणि आगीतून वाचलेली दोन झाडं मूळकुजीनं गेली.

कोण कधी जागं होतं

प्रत्येक झाडाचं घड्याळ वेगळं. आमच्या कोरड्या रानातली बरीच झाडं पावसाची वाट न बघता उन्हाळ्यातच पालवतात, खोल मुळांच्या जोरावर. कडुलिंबाला पाडव्याच्या मागंपुढं पालवी हवी. जाड सालीचा पळस आगीला फारसा भीक घालत नाही. वरचा गेला तरी मुळांतून नवे पळस उठवतो. बोर बुडातून फुटते आणि काट्यांसकट फुटते. सीताफळ तर उन्हाळ्यात निष्पर्णच असतं, त्यामुळे मार्चमध्ये त्याचं काही कळत नाही. अक्षय्य तृतीयेनंतर खोडाच्या बुडाशी बघा. आमच्या दीड एकरातली तीन हिस्से झाडं बुडातून आली. प्रत्येकाला दोन-तीन दणकट फुटवे ठेवून बाकीचे काढले आणि तिसऱ्या वर्षी फळ धरलं. किनवटकडच्या जंगलात सागाची रोपटी वर्षानुवर्षं वरून जळतात आणि खालून येतात; मूळ मनगटाएवढं झालं की एका वर्षी खोड वर निघून जातं.

बाभूळ तोडली तर बुडातून फारशी येत नाही, तिचा भरवसा बियांवर. आणि वेडी बाभूळ कशानंच मरत नाही. तिचा गड्डा जमिनीखाली असतो.

कलमी केसर आंबा असेल तर पुन्हा तोच धडा: जोडाखालून आलेली फूट गावरान. पण ती उपटून टाकू नका. वरचं खोड मेलंय याची खात्री झाली, तर त्याच फुटीवर पुढच्या वर्षी पाचर कलम बांधता येतं. जुनं मूळ हाताशी असल्यानं ते नव्या रोपापेक्षा जोरानं वाढतं.

गवत, आणि "जाळलं की चांगलं येतं"

हे मी लहानपणापासून ऐकते. जाळल्यावर आठ-पंधरा दिवसांत ठोंबांतून हिरवे कोंब दिसतात, हे खरं. वरचं जुनं काड गेलेलं असतं, राखेतलं पालाश हाताशी असतं. पण नत्र धुरातून उडून जातं, आणि दर वर्षी जाळलं की माळावर कोण उरतं ते बघा. पवन्या, मारवेल, ज्यावर जनावर जीव टाकतं, ती मागं हटतात. कुसळी पुढं येते.

कुसळी का जिंकते, हे बघायचं असेल तर डिसेंबरात एक सुटं कुसळ तळहातावर घ्या. टोकाला सुईसारखं बी, मागं पिळलेली काळपट शेपटी. त्यावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडा. शेपटी उलगडायला लागते आणि बी तळहातावर गोल फिरतं. वाळलं की उलटं फिरतं. रात्रीच्या दवानं आणि दिवसाच्या उन्हानं ते असं फिरत फिरत मातीत शिरतं, स्क्रूसारखं. फेब्रुवारीत आग येते तेव्हा तिचं बी मातीच्या पोटात निवांत असतं. मेंढ्यांच्या लोकरीतून आणि कातडीतून ते तसंच आत घुसतं, हे धनगरांना विचारा.

ठोंब जिवंत आहे का, हे बघायला मुठीत धरून ओढा. घट्ट बसलेला आणि बुडाशी पांढरट-हिरवा असेल तर जिवंत. सहज उपटून हातात आला तर गेला.

आणि आता शेळ्या. वणव्यानं जेवढी झाडं मेली नसतील तेवढी पुढच्या जूनमध्ये शेळ्यांनी मारली असतील. झाडानं मुळातली शेवटची पुंजी खर्चून धुमारा काढलेला असतो. तो खाल्ला गेला की झाड दुसरा काढतं, तोही गेला की संपतं. निदान दोन पावसाळे जळालेल्या माळावर चराई नको. गवत कापून आणा. आमच्याकडं यावरून भांडणं झाली. ज्याच्याकडं चारच शेळ्या आहेत त्याला "दोन वर्षं थांब" म्हणणं सोपं नाही. शेवटी निम्मा माळ बंद केला आणि निम्मा सोडला. बंद केलेल्या निम्म्यातलं कापलेलं गवत आधी शेळीवाल्यांना, असं ठरलं. पहिल्या वर्षी चाललं, दुसऱ्या वर्षी अर्धंमुर्धं.

दुसरा शत्रू म्हणजे उत्साह. त्याच जूनमध्ये एका संस्थेची मंडळी झाडं लावायला आली. जेसीबीनं गायरानात ओळीनं खड्डे काढले आणि त्या खड्ड्यांत पळसाची, बोरीची जिवंत मुळं तुटून वर आली, रताळ्याएवढी जाड. त्यांनी लावलेली रोपं दिवाळीपर्यंत वाळली. आधी एक पावसाळा जमिनीतलं काय वर येतं ते बघा. जिथं काहीच आलं नाही तिथंच खड्डा काढा.

पोळा

मृगापर्यंत आमच्या सातपैकी तीन आंबे पालवले. आणखी दोघांना जुलै-ऑगस्टात फूट आली. एकाला जोडाच्या वर, एकाला खाली. उरलेल्या दोघांचं काहीच नाही. पोळ्याच्या दिवशी मी सगळ्यांना पुन्हा खरवडून बघितलं. त्या दोघांच्या बुडाशी भुशासारखा चुरा पडला होता, आत खोडकिडा. मग भाऊजींना निरोप धाडला की कुऱ्हाड आणा.

आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं स्वतःच्या शेतात असली तरी तोडायला आधी परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे. मेलेल्या झाडालाही अर्ज करावा लागतो, त्यामुळे पाडायला दिवाळी उजाडली. एकच पाडला. दुसरा वाटेपासून लांब आहे, पडला तरी कुणाच्या अंगावर येणार नाही. त्याच्या खोडात एक भोक होतं आणि भाऊजी त्याला हात लावणार तोच आतून पिंगळ्यानं तोंड बाहेर काढलं. "राहू द्या वहिनी हे," ते म्हणाले आणि खांद्यावर कुऱ्हाड टाकून खाली गेले.